विद्यापीठानं आपल्या मुलखाचं लिहायचं नाही तर कुणी लिहायचं?

दरवर्षी एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या विद्यापीठं-कॉलेजांच्या रँकिंगची यादी आली की आपल्याकडं तोच वाद नव्यानं पेटतो. आपली राज्य विद्यापीठं मागं का पडली, तर म्हणे प्राध्यापक लोक तालुक्याचा इतिहास, गावची बोली, कुठल्या तरी संस्थानाचे कागद असल्या विषयांत अडकून पडलेत, जगाला लागेल असं काही काढत नाहीत, स्कोपससारख्या जागतिक जर्नल-यादीत पेपर नाहीत, मग नंबर कुठनं येणार? दुसरी बाजू लगेच उभी राहते, मराठी अस्मिता, अभिजात दर्जा, मातीतलं ज्ञान वगैरे, आणि दोन दिवस घमासान होऊन सगळे गप्प. या भांडणात एकजणही विद्यापीठानं छापलेलं एखादं पुस्तक हातात घेऊन बोलत नाही, ते कसं झालंय, कुणी वाचलं, आज विकत मिळतं का, काही नाही. एक बाजू पेपर मोजते, दुसरी अभिमान मोजते. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या मुलखाची कागदपत्रं, झाडं, नद्या, भाषा, माणसं यांच्याबद्दल नीट संपादन केलेली पुस्तकं काढणं आणि ती लोकांच्या हातात पोचवणं हे राज्य विद्यापीठाचं मुख्य काम आहे, फावल्या वेळचा उद्योग नाही, आणि हे काम जगातलं दुसरं कुठलंच विद्यापीठ आपल्यासाठी करणार नाही.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते खरंच खरं आहे. विद्यापीठांच्या नावानं निघालेल्या प्रादेशिक पुस्तकांत भरताड भरपूर आहे. एखाद्या नेत्याच्या जयंतीला घाईघाईनं काढलेला गौरवग्रंथ, ज्यात चाळीस लेखांपैकी तीस लेख एकाच चरित्रातनं उचललेले. चर्चासत्रातले निबंध जसे आले तसे बांधून काढलेलं पुस्तक, ज्यात शेवटी सूची नाही, तळटीपा अर्धवट, प्रूफ कुणी बघितलेलं नाही. पीएचडीचा प्रबंध मुखपृष्ठ लावून तसाच छापलेला. असली पुस्तकं मी पण वाचलीत आणि वाचताना चिडलोय. यांच्यावर जनतेचा पैसा का घालवायचा असं कुणी विचारलं तर त्याला मराठीद्वेष्टा म्हणून गप्प करणं हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे.

पण मग हा दोष विषयाचा आहे का? विषय गावचा आहे म्हणून पुस्तक वाईट झालं का संपादक नव्हता म्हणून? कोल्हापूरचंच बघा. शिवाजी विद्यापीठ सुरू झालं १९६२ साली आणि पहिले कुलगुरू झाले आप्पासाहेब पवार, म्हणजे एक इतिहासकार. नवं विद्यापीठ, इमारती उभ्या राहतायत, शेकडो कामं डोक्यावर, आणि या माणसानं त्या धबडग्यात ताराबाईकालीन कागदपत्रांचं संपादन हातात घेतलं, १९६९ पासनं त्याचे खंड विद्यापीठानंच छापले, फारसी पत्रांचाही एक खंड काढला. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाशी लढाई चालू ठेवणारी बाई, कोल्हापूरच्या गादीचं मूळ जिच्यापाशी जातं ती बाई, तिच्या काळाबद्दल आज देशातला किंवा परदेशातला कुठलाही अभ्यासक लिहायला बसला तर त्याला या खंडांकडं यावंच लागतं. हे काम ऑक्सफर्डनं केलं असतं का? त्यांना करायचं असतं तरी मोडी वाचणारी माणसं, दप्तरं कुणाच्या वाड्यात आहेत त्याची माहिती, ते कागद बाहेर काढायला लागणारी ओळखपाळख, हे सगळं कोल्हापुरातच होतं. नंतर शाहू संशोधन केंद्रातनं राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे इंग्रजी खंड निघाले, विलास संगवे आणि बी. डी. खणे यांच्या संपादनात. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम आज प्रत्येक भाषणात येतो, पण त्या हुकुमाच्या आगंमागं दरबारात, ब्रिटिश एजंटांशी, ब्राह्मण नोकरशाहीशी काय काय चाललं होतं ते कळायला भाषण कामाचं नाही, कागद लागतात.

आणि हे फक्त इतिहासापुरतं नाही. २००२ साली शिवाजी विद्यापीठानंच 'फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट' छापलं, एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचं. एका जिल्ह्यातल्या वनस्पतींची नोंद, नाव वाचून वाटेल किती लहान विषय. पण पश्चिम घाट हा जैवविविधतेसाठी जगातल्या सगळ्यात महत्त्वाच्या भागांपैकी एक, इथं कंदीलपुष्पाच्या अशा जाती आहेत ज्या दुनियेत दुसरीकडं कुठंच नाहीत, एकेक जात एखाद्या पठारावर किंवा एखाद्या कड्यावरच उगवते. अशा ठिकाणी जिल्ह्याचा फ्लोरा ही जगाच्या शास्त्राला लागणारी गोष्ट असते, आणि घाटावर काम करणारे अभ्यासक हे पुस्तक वापरतात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुकनं मुंबई इलाख्याचा फ्लोरा लिहिला, १९०१ ते १९०८ या काळात तो छापला गेला, आणि आज शंभर वर्षांनंतरही लोक तो उघडतात. का? तर तो एका मुलखाबद्दल आहे आणि नीट केलेला आहे, एवढंच. जागतिक आणि स्थानिक हे दोन वेगळे कप्पे आहेत ही समजूतच मुळात चुकीची आहे. ब्रह्मपुरीचं टेकाड कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठाला, तिथं १९४५-४६ ला सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि डेक्कन कॉलेजनं १९५२ ला त्याचा रिपोर्ट छापला. एका गावातलं एक टेकाड. पण त्याच टेकाडातनं समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली होती, म्हणजे कोल्हापूरचा संबंध थेट रोमन व्यापाराशी, आणि त्या व्यापाराबद्दल लिहिणाऱ्याला ब्रह्मपुरी टाळता येत नाही.

आता दर्जाचाच मुद्दा काढायचा तर दुसरीकडंही जरा बघूया. पेपर मोजायची पद्धत आली तेव्हा सांगितलं गेलं की यानं दर्जा वाढेल. काय झालं? पैसे भरा आणि चार दिवसांत पेपर छापून घ्या अशी दुकानं निघाली, नावात इंटरनॅशनल, पत्ता कुठल्या तरी सोसायटीतल्या फ्लॅटचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्याच अभ्यासकांनी २०१८ ला यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यताप्राप्त यादीतली विद्यापीठांकडनं आलेली जर्नलं तपासली, तर तपासलेल्या हजारभर जर्नलांपैकी ८८ टक्के निकषांवर उतरली नाहीत. त्याच वर्षी यूजीसीनं यादीतनं ४,३०५ जर्नलं एका झटक्यात काढून टाकली. म्हणजे भरताड गौरवग्रंथातच होतं असं नाही, ते इंग्रजी कपडे घालून जर्नलांतही आलं, उलट तिकडं जास्तच आलं कारण तिकडं प्रमोशनचे गुण होते. मग जर्नलांतला कचरा बघून कुणी असं म्हणतं का की जर्नलंच बंद करा? नाही म्हणत, चांगली जर्नलं निवडा म्हणतात. तोच न्याय विद्यापीठाच्या पुस्तकांना का नाही?

आणि हे गुणांचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळं तिथंच बिघडतंय. २०१८ च्या यूजीसी नियमांत भाषा, मानव्यशास्त्रं यांतल्या प्राध्यापकाला एका संशोधन पेपरला १० गुण आहेत. राष्ट्रीय प्रकाशकाकडनं आलेल्या अख्ख्या पुस्तकाला किती? तेही १०. संपादित पुस्तकाला ८. आता तुम्हीच सांगा, एखाद्या प्राध्यापिकेनं सहा वर्षं मोडी दप्तरं उलथीपालथी करून, पत्रांच्या तारखा लावून, शक-हिजरी-इसवी जुळवून, माणसांची आणि गावांची सूची करून पाचशे पानांचा साधनखंड काढला, तर तिला ८ गुण, आणि तिच्या शेजारच्या केबिनमधल्या माणसानं आठ पानांचा पेपर टाकला तर त्याला १०. मग कोण कशाला मोडी वाचेल? तरुण प्राध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांची नोकरी पक्की व्हायचीय, घर चालवायचंय. विद्यापीठाच्या प्रादेशिक प्रकाशनाला कुणी बंदी घातली नाही हे खरं, पण ते काम करणाऱ्याचं नुकसान होईल अशी व्यवस्था लावली की बंदीची गरजच उरत नाही.

इथं बंगालची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. मुंबई आणि कलकत्ता ही दोन्ही विद्यापीठं १८५७ ची. कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जींनी १९१९ च्या सुमाराला भारतीय भाषांचं एमए सुरू केलं, आणि पूर्व बंगालच्या खेड्यांत फिरून लोकगीतं गोळा करणाऱ्या चंद्रकुमार दे नावाच्या गरीब, फारसं न शिकलेल्या माणसाला कामाला लावलं, दिनेशचंद्र सेन यांनी ती गाणी संपादित केली आणि १९२३ ला 'मैमनसिंह गीतिका' म्हणून विद्यापीठानं छापली, वर इंग्रजी भाषांतरही काढलं. १९२६ ला सुनीतिकुमार चटर्जींचा बंगाली भाषेच्या घडणीवरचा मोठा ग्रंथ, तोही विद्यापीठाचाच. आपल्याकडं मराठीची घडण सांगणारा पहिला मोठा ग्रंथ कुणी लिहिला? झ्यूल ब्लॉक या फ्रेंच माणसानं, फ्रेंचमध्ये, आणि तो मराठीत यायला १९४१ साल उजाडलं, वा. गो. परांजप्यांनी भाषांतर केलं म्हणून. रा. गो. भांडारकरांनी मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्रावरची विल्सन व्याख्यानं दिली १८७७ ला, ती पुस्तकरूपात आली १९१४ ला! सदतीस वर्षं. रानड्यांना मराठी विद्यापीठात परत आणायला आयुष्यभर झगडावं लागलं.

मग या काळात महाराष्ट्रात काम झालं नाही का? प्रचंड झालं, पण विद्यापीठाच्या भिंतीबाहेर. राजवाडे गावोगाव पायपीट करत दप्तरं गोळा करत होते, १८९८ पासनं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड स्वतः वर्गणीदार गोळा करून काढले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची केली, हे तर उघड उघड विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं काम होतं, ते एका माणसानं केलं. आपण या लोकांच्या त्यागाच्या गोष्टी भरल्या गळ्यानं सांगतो, मी पण सांगतो, पण त्या गोष्टींतला दुसरा अर्थ कुणी बोलत नाही, की एकेका माणसाला आयुष्य जाळावं लागलं कारण ज्या संस्थेकडं पगार, इमारत, छापखाना, ग्रंथालय होतं तिनं ते काम अंगावर घेतलं नाही. आणि एकेकट्या माणसांवर चाललेलं काम त्या माणसाबरोबर थांबतं. शिवाजी विद्यापीठासारखी साठच्या दशकातली विद्यापीठं निघाली तेव्हा ही जुनी चूक सुधारायची संधी होती, आप्पासाहेबांनी ती ओळखली होती.

पुढचा आक्षेप नेहमीचा, वाचतंय कोण? गोडाऊनमध्ये गठ्ठे पडलेत. पडलेत, मान्य. पण त्याचं कारण वाचक नाहीत हे आहे का? नागपूरला दीक्षाभूमीवर, मुंबईत चैत्यभूमीवर जाऊन बघा, बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड घ्यायला लोक रांगा लावतात. वसंत मून यांच्या संपादनात १९७९ पासनं राज्य सरकारनं काढलेले ते जाडजूड खंड, त्यातले बरेचसे इंग्रजी, आणि घेणारी माणसं कुठली, तर खेड्यापाड्यातनं आलेली, रोजंदारीवरची सुद्धा. २०२१ ला तर या खंडांची छपाई रखडल्याची बातमी लोकसत्तात आली आणि मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. म्हणजे मागणी आहे, पुरवठा नाही. कोल्हापुरातच गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिका लाखाच्या वर खपली, ना मोठं प्रकाशन ना जाहिरात. विद्यापीठाचं पुस्तक मात्र तीनशे-पाचशे प्रती छापायचं, विक्री विभाग सोमवार ते शुक्रवार कचेरीच्या वेळात उघडा, दुपारी जेवणाची सुट्टी, ऑनलाइन मागवायची सोय नाही, दुकानदाराला कमिशन नाही, आणि मग म्हणायचं वाचक नाहीत. एका विद्यापीठात मी एका जुन्या खंडाची चौकशी केली तर आऊट ऑफ प्रिंट म्हणाले, रिप्रिंट कधी विचारलं तर तसा प्रस्तावच नाही, मग पीडीएफ द्या म्हटलं तर नियम नाही. याच्या उलट ब्रिटिशांचं १८८६ चं कोल्हापूर गॅझेटियर आज मोबाइलवर फुकट वाचता येतं. म्हणजे आपल्या मुलखाबद्दल कलेक्टर साहेबांनी काय लिहिलं ते शाळकरी पोराला दोन मिनिटात मिळतं, आणि आपल्याच विद्यापीठानं आपल्या पैशातनं काय लिहिलं ते मिळायला ओळख काढावी लागते. त्या पोराच्या डोक्यात आपल्या गावाचं चित्र कुणाच्या नजरेनं तयार होणार?

पैशाचं म्हणाल तर देशानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' खाली तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केलेत, तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं वाचायला मिळावीत म्हणून. त्याला माझा विरोध नाही, उलट आमच्या छोट्या कॉलेजातल्या पोरांना जगातलं संशोधन वाचायला मिळतंय ही फार चांगली गोष्ट आहे. पण दुसऱ्यांचं वाचायला एवढे पैसे निघतात तर आपलं लिहायला आणि टिकवायला विद्यापीठामागं चार चांगले संपादक, एक मोडी जाणकार, एक स्कॅनर आणि एक सर्व्हर यांचा खर्च निघत नाही हे मी कसं मानू? साठच्या दशकाच्या शेवटी केंद्रानं भारतीय भाषांतल्या विद्यापीठीय पुस्तकांसाठी राज्यांना एकेक कोटी दिले होते, त्या योजनेतनं नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ निघालं, त्यातली भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञानावरची मराठी पुस्तकं आता जुन्या लायब्रऱ्यांत धूळ खात सापडतात. गुजरातचं तसंच बोर्ड आजही पुस्तकं काढतंय. कर्नाटकात म्हैसूर विद्यापीठात कुवेंपूंच्या काळापासनं 'प्रसारांग' हा प्रकाशनाचा स्वतंत्र विभाग आहे, हंपीच्या कन्नड विद्यापीठालाही तो आहे. आपल्या सीमेच्या पलीकडचीच ही उदाहरणं आहेत, युरोपातली नाहीत.

सगळ्यात जड आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. प्रादेशिक इतिहास आपल्याकडं पेटतो. जात पेटते, घराणी पेटतात, प्रत्येक तालुक्याला आपला वीरपुरुष मोठा हवा असतो. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितं, पुस्तकं, मूर्ती फोडल्या, तो शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकावरनंच. २०१५ ला पानसऱ्यांचा खून झाला, त्याच वर्षी धारवाडला कन्नड संशोधक कलबुर्गींचा, ज्यांनी वचन साहित्याच्या संपादनात उभं आयुष्य घातलं. कुठल्या कुलगुरूला असल्या विषयात हात घालायचा धीर होईल? सरकार बदललं की प्रकाशन समिती बदलते, नको ते पान गाळा असा फोन येतो, हे पण होतं. हा धोका खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण विद्यापीठ मागं सरलं म्हणजे इतिहास लिहायचा थांबतो का? तो व्हॉट्सॅपवर लिहिला जातो, फ्लेक्सवर लिहिला जातो, निवडणुकीच्या सभेत लिहिला जातो. मूळ कागद छापलेला, तारखेसकट, कुठल्या दप्तरातला ते सांगून सगळ्यांसमोर असेल तर निदान भांडणाला एक जमीन मिळते, दोघांनाही तोच कागद बघावा लागतो. १९८७ ला बाबासाहेबांच्या चौथ्या खंडावरनं केवढं रान उठलं होतं, मोर्चे निघाले, सरकारनं खंड मागं घेतला, पण शेवटी तो एका टिपेसह परत आला आणि आज कुणालाही उघडून वाचता येतो. खंडच निघाला नसता तर बाबासाहेब राम आणि कृष्ण यांच्याबद्दल काय म्हणाले होते यावर आज जो तो मनाला येईल ते ठोकून देत राहिला असता.

भाषेवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण मराठी की इंग्रजी हा प्रश्नच असा टाकलेला आहे की उत्तर निघू नये. साधनं ज्या भाषेत आहेत त्या भाषेत छापा, शास्त्रीय नोंद शास्त्राच्या भाषेत करा, आणि ज्यांच्या जमिनीबद्दल ती आहे त्यांच्यासाठी मराठीत लिहा, तिन्ही लागतं. २००५, २०१९, २०२१, तीन वेळा महापुरानं कोल्हापूर-सांगली धुऊन काढली. अलमट्टीचं बॅकवॉटर, कृष्णा-पंचगंगेचा संगम, नदीपात्रातली अतिक्रमणं, धरणातनं पाणी कधी सोडायचं, यावर शिरोळमधला शेतकरी चहाच्या टपरीवर तासतास बोलतो आणि त्याला त्याचं उत्तर जिवाच्या गरजेनं हवंय. भूगोल विभागांत या नद्यांवर प्रबंध होतात, शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर इंग्रजीत चढतात आणि तिथंच राहतात. ग्रामपंचायतीच्या टेबलावर विद्यापीठाच्या नावाची, नकाशे असलेली, साध्या मराठीतली साठ पानांची पुस्तिका का नाही? ती लिहिणाऱ्या प्राध्यापकाला पेपरइतके तरी गुण का नाहीत?

महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधर विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, दहा प्रतिनिधी निवडून देतात, म्हणजे तुम्ही आम्ही. त्या निवडणुकीत आजवर होस्टेल, परीक्षा, निकाल यावर बोललं जातं, ते बोललंच पाहिजे, पण यावेळी मत मागायला येणाऱ्याला एवढं विचारा की प्रकाशन विभागाला गेल्या वर्षी बजेट किती होतं, त्यातलं खर्च किती झालं, बाहेरच्या जाणकारानं तपासल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही असा नियम आहे का, आणि छापून दहा वर्षं झालेलं प्रत्येक पुस्तक वेबसाइटवर फुकट टाकायचा ठराव तुम्ही मांडणार का. कोल्हापुरात सुरुवात ताराबाईच्या खंडांपासनं करता येईल, पाठोपाठ जिल्ह्याच्या फ्लोराची फोटोंसह मराठी आवृत्ती, म्हणजे राधानगरीच्या आणि गगनबावड्याच्या शाळेतल्या मास्तरांना ती पोरांबरोबर डोंगरात नेता येईल.